अडतीस फुटांवर अडकलेलं पान

जुलै महिन्यात कोल्हापुरात कुणी नुसतं ‘किती?’ असं विचारलं, तर उत्तर फूट-इंचांत द्यायचं असतं. रिक्षावाला विचारतो, दूधवाला विचारतो, पुण्यात नोकरीला असलेला भाऊ फोन उचलल्या उचलल्या विचारतो. कशाचं किती, हे कुणी बोलत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे, एवढाच तो प्रश्न. ३९ ला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. नदीकाठच्या पेठांमधल्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ च्या पुढे गेला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि आम्ही चौघं राजारामपुरीत मामाकडे जाऊन राहिलो. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, त्यामुळे शहरात पेट्रोल नाही, दुधाची मारामार. फॉरवर्ड मात्र भरपूर. ‘आत्ताची पातळी’ असं लाल अक्षरांत लिहिलेले फोटो फिरायचे, पण आत्ता म्हणजे कधी, ते कुठेच नसायचं. एका संध्याकाळी मामाच्या हॉलमध्ये पप्पा आणि मामा चांगले तासभर भांडले. एकाच्या फोनवर पाणी दोन फूट उतरलं होतं, दुसऱ्याच्या फोनवर एक फूट चढलं होतं. शेवटी दोघांचेही मेसेज आदल्या दिवशीचे निघाले.

त्या भांडणातून माझं पान निघालं, पण पाच वर्षांनी. तोवर मी एका छोट्या कंपनीत वेबसाइटी बनवायला लागले होते. २०२४ च्या जूनमध्ये दोन रविवार घालवून मी एकच पान तयार केलं. वर मोठ्या अक्षरांत पातळी. खाली कुठले बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडे, कुठला रस्ता बंद. ही सगळी माहिती जिल्हा प्रशासन रोज देतंच. मी फक्त ती एका जागी आणून मांडायची, बास.

खरं सांगायचं तर पहिलं पान मी ऑफिसातल्या पोरांना दाखवायला बनवलं होतं. दोन देखणे मराठी फाँट, पातळीचा हलता आलेख, पाठीमागे पंचगंगा घाटाचा फोटो. सगळं मिळून एक एमबीच्या वर गेलं. ऑफिसच्या वायफायवर ते टिचकीसरशी उघडायचं. मी लिंक चिखलीला आत्तीला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “अगं, गोल गोल फिरतंय नुसतं. हाय काय त्यात?”

आत्तीचं गाव प्रयाग चिखली. नद्यांच्या संगमाचं गाव. पंचगंगा पसरायला लागली की चिखली आणि आंबेवाडी ही दोन गावं आधी वेढली जातात. पुरामुळे चिखलीकरांना सोनतळीला जागा दिलेल्या आहेत. पाणी चढायला लागलं की माणसं जनावरं घेऊन तिकडे जातात. माणसांचं एक वेळ शेवटच्या घटकेला निघतं. पाच म्हशींचं निघत नाही. त्यांना दिवसाउजेडी, वाट कोरडी असताना चालवत न्यावं लागतं. वैरण आधी पोचवावी लागते. आत्तेभाऊ, म्हणजे माझा दादा, रोज सकाळ-संध्याकाळ ‘किती?’ विचारतो ते ह्यासाठी. आणि पुराच्या दिवसांत त्याच्या फोनवर नेट येतं ते गोगलगायीसारखं. सेकंदाला चार-पाच केबी आले तरी नशीब.

मग मी फाँट काढले, आलेख काढला, फोटो काढला. उरलं नुसतं एचटीएमएल. तरी ते ८६ केबी भरलं, कारण गेल्या महिन्याभराच्या पातळ्यांचा तक्ता मला सोडवेना. सेकंदाला ५ केबी धरले तर सतरा सेकंद. पावसात गोठ्याच्या दारात, एका हातात दावं धरून सतरा सेकंद कुणी थांबत नाही.

इथे आपल्या लिपीचं एक दुखणं सांगायला हवं. इंटरनेटवर मजकूर ज्या पद्धतीने साठवला जातो, त्या यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘कोल्हापूर’ ह्या शब्दात अशी नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. तेच रोमन लिपीत लिहिलं तर ८. मराठी वाचणाऱ्याने तेवढ्याच बातमीसाठी दुपटी-तिपटीने डेटा ओढायचा. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा उगीचच रागच आला होता.

पण ह्याच दुखण्यात औषधही आहे. त्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ असतो. दुसरा १६४ किंवा १६५. फरक काय तो तिसऱ्यात. म्हणजे आपला मजकूर फुगलेला आहे तो बराचसा त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगून. आणि पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट दाबून लहान करणं हेच तर कॉम्प्रेशनचं काम. १९७७ मध्ये जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल ह्या दोघांनी एक साधी युक्ती मांडली: एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो परत लिहू नका, ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचला’ एवढंच लिहा. माझ्या पानावर ‘बंधारा पाण्याखाली’ हे शब्द चाळीस वेळा होते. राजाराम बंधारा पाण्याखाली, रुई बंधारा पाण्याखाली, तेरवाड बंधारा पाण्याखाली. पहिल्यांदा पूर्ण लिहायचं, मग एकोणचाळीस वेळा नुसतं बोट दाखवायचं. १९९२ साली आलेलं जीझिप ह्याच युक्तीवर उभं आहे आणि आजही जवळजवळ प्रत्येक ब्राउझरला ते उलगडता येतं. उलगडल्यावर एक वेलांटीसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

जीझिपच्या पुढचं ब्रोटली. गूगलमधल्या लोकांनी २०१३ मध्ये ते आधी फाँट लहान करायला काढलं, २०१६ मध्ये त्याचं प्रमाण ठरलं. ब्रोटली म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बोलीत छोटा पाव. (आमच्या मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड असतो, पण ते असो.) त्याच्या पोटात नेहमी लागणाऱ्या तुकड्यांचा सुमारे १२० केबींचा तयार कोश असतो. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, अरबी यांच्याबरोबर त्यात हिंदी शब्दही आहेत. मराठीचं नाव त्या यादीत नाही. तरी लिपी एकच असल्यामुळे थोडंफार आपल्याही पदरात पडत असणार.

ब्रोटली किती जोर लावून दाबायचं ह्याच्या ० ते ११ अशा पायऱ्या आहेत. मी अर्थातच अकरावी लावली. आणि तिथे फसले. सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की कुणी पान मागितलं की तेव्हाच्या तेव्हा दाबून द्यायचं. म्हणजे शंभर माणसांनी मागितलं तर तेच पान शंभर वेळा दाबायचं. अकरावी पायरी म्हणजे घाम काढणारं काम. जुलैच्या सुरुवातीला एका संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवरून लिंक तालमीच्या ग्रुपवर गेली, तिथून कुठे कुठे. माझं भाड्याचं मशीन एका कोअरचं, सगळ्यात स्वस्तातलं. ते पान दाबण्यातच इतकं गुंतलं की पाठवायला त्याला फुरसत होईना. लहान करायच्या नादात मी पान बंद पाडलं होतं.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लॅपटॉपशी झटत होते. आई वांग्याची भाजी टाकत होती. “काय झालंय गं?” मी वैतागून सांगितलं, की प्रत्येक माणूस आला की तेच काम पहिल्यापासून करावं लागतंय. तिने बरणीतून चमचाभर चटणी काढून फोडणीत टाकली आणि म्हणाली, “मग मी काय रोज मिरच्या कांडत बसतो का?”

(कोल्हापुरात बायकाही ‘बसतो’, ‘जातो’ म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते.)

परगावच्यांसाठी: आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा मसाला. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, शिवाय खोबरं, तीळ, धणे, जिरं. एप्रिलच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, सगळं भाजायचं, डंकावर नेऊन कांडून आणायचं. दोन दिवस घरभर शिंका. मग बरणीत दाबून भरायचं, वर हिंगाचे खडे. की वर्षाची काळजी मिटली. पावसाळ्यात करू म्हणून चालत नाही, मिरची वाळायलाच तयार नसते. पाहुणे दारात आल्यावर डंकावर पळणारी बाई कोल्हापुरात कुणी पाहिली नसेल. मी मात्र नेमकं तेच करत होते.

संगणकातल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. वेबसाइट तयार करताना एक पायरी असते, तिला बिल्ड म्हणतात. मजकूर, रंगरूप, आकडे एकत्र करून शेवटच्या फाइली तिथे घडतात. त्याच वेळी प्रत्येक फाइलीच्या शेजारी तिची एक जीझिप आणि एक ब्रोटली प्रत करून ठेवायची. पूर्ण जोर लावून, कितीही वेळ लागो, कारण एकदाच करायचं आहे. फोन पान मागतो तेव्हा सोबत सांगतो, ‘मला ब्रोटली कळतं, जीझिप कळतं.’ सर्व्हरने फक्त योग्य ती बरणी उचलून द्यायची. मी वापरते त्या एन्जिनएक्समध्ये जीझिपसाठी ही सोय आधीपासून आहे, एक ओळ लिहिली की झालं. ब्रोटलीसाठी वेगळं मोड्यूल घालावं लागतं. साइट एखाद्या मोठ्या सीडीएनमागे ठेवली तर यातलं बरंच आपोआप होतं, पण मला स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं. फोटोंवर हे चालवू नये, जेपेग आधीच दाबलेलं असतं. मी चालवून पाहिलं, फाइल थोडी वाढलीच.

८६ केबींचं पान जीझिपने १४ वर आलं, ब्रोटलीने ११ वर. ह्या ११ चं मोल वेगळं आहे. जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या खेपेत साधारण १४ केबीच सोडतो, समोरून पोच मिळाली की पुढचे. माझं पान पहिल्याच खेपेत बसायला लागलं. मशीन गार पडलं. मी लिंक परत चिखलीला पाठवली. दादाचा मेसेज आला: “आलं की गं टक्कन.” त्या चार शब्दांवर मी आठवडाभर उडत होते.

आता खरी गोष्ट.

ही बरणीची व्यवस्था मी केली ती जुलैच्या उत्तरार्धात एका दुपारी. पाऊस धरून होता, पाणी ३८ फूट १ इंचावर होतं. मी बिल्ड चालवली, तीनही प्रती सर्व्हरवर चढवल्या, ऑफिसला गेले. पण पातळीचा आकडा बदलायला मी आधीपासून एक वेगळी सोय करून ठेवली होती. नवा आकडा आला की फोनवरून एका चौकटीत टाकायचा, सर्व्हरवरची एक छोटी स्क्रिप्ट तो थेट पानात लिहायची. बिल्डची भानगडच नको, असं माझं तेव्हाचं डोकं. ती स्क्रिप्ट बदलायची फक्त मूळ पान. शेजारच्या दोन दाबलेल्या प्रतींचं अस्तित्वच तिला माहीत नव्हतं. एन्जिनएक्सही बिचारा विचारत नाही की बाबा, ही बरणी कधीची. तिच्या माहितीपत्रकात सूचना आहे, मूळ फाइलीची आणि दाबलेल्या फाइलीची तारीख-वेळ एकच राहू दे म्हणून. मी ती वाचली होती. वाचून पुढे गेले होते.

रात्री आठला मी आकडा टाकला. दहाला टाकला. पहाटे सहाला टाकला. प्रत्येक वेळी लॅपटॉपवर काळ्या खिडकीत एक आज्ञा देऊन पान मागवून तपासलं. बरोबर. पण ती आज्ञा, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय, दाबलेली प्रत मागत नाही. तिला सर्व्हर मूळ पान देत होता. मला नवा आकडा दिसत होता आणि गावातल्या प्रत्येक फोनला आदल्या दुपारचा.

सकाळी गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्याच पानाचा स्क्रीनशॉट टाकला होता. खाली लिहिलेलं: ‘पाणी स्थिर. अंबाबाईची कृपा.’ त्याखाली तीस-चाळीस हात जोडलेले. मी तो फोटो बघितला आणि कुणीतरी कालचा फॉरवर्ड टाकला म्हणून चिडले. “भावा, जुने फोटो टाकू नका, पान उघडून बघा,” असं वर लिहिलंही. त्याने पान उघडून बघितलं असणार. त्याला ३८ फूट १ इंचच दिसलं असणार.

अकराच्या सुमारास आत्तीचा फोन आला. मागे पावसाचा आवाज, कुणीतरी ओरडत होतं, म्हैस हंबरत होती. “पाणी मळ्याच्या वाटंवर आलंय गं. किती हाय?” मी म्हणाले, “चाळीसला टेकलंय, आत्ती. पान बघितलं नाही का?” ती क्षणभर गप्प. मग दादाने फोन घेतला.

“अगं, तुझ्या पानावर अडतीसच दावत हुतं की रात्रभर.”

रात्री नऊला त्याने बघितलं होतं, पहाटे पाचला बघितलं होतं. एक इंचही चढलं नाही म्हटल्यावर म्हशी दुपारनंतर हलवू असं त्याने ठरवलं. वैरण न्यायला ज्याचा ट्रॅक्टर मिळणार होता, त्याला म्हणाला, आधी तुझं आटप. त्याचा गोठा मळ्यात आहे, घरापासून खालच्या अंगाला. नऊ वाजता तो गोठ्यावर गेला तेव्हा वाटेवर गुडघाभर पाणी होतं.

मी त्याला पानाचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटो आला. मांडीवरच्या लॅपटॉपवर ३९ फूट ११ इंच आणि हातातल्या फोनवर ३८ फूट १ इंच, एकाच पत्त्यावर. काय झालंय हे कळायला मला अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. दोन फाइली पुसल्या, संपलं. चिखलीच्या वाटेवरचं पाणी मात्र तसं पुसता येत नव्हतं.

चार म्हशी निघाल्या. पाचवी गाभण होती. वाटेवरच्या चिखलात ती घसरली आणि मागचा पाय मुरगळून बसली. तिला उठवायला पाच माणसं लागली. सोनतळीला पोचली, पण त्या पायावर तिने नंतर कधी नीट भार दिला नाही. डॉक्टर झाले, लेप झाले. दिवाळीच्या आधी दादाने ती विकली. कितीला, हे त्याने मला सांगितलं नाही. आईला सांगितलं असावं, कारण त्या दिवशी आई माझ्याशी फार मऊ बोलत होती.

मी त्याला म्हणाले होते, चूक माझी आहे, पैसे मी देते. तो म्हणाला, “येडी हाईस काय. पाण्याचं कुणी लिहून देतं व्हय?” त्याने दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं. आत्ती तर अजून नातेवाइकांत सांगते, आमच्या पोरीनं पुराचं पान केलंय. मी त्या वेळी उठून पाणी प्यायला जाते.

पान मी बंद करणार होते. पप्पांनी विचारलं, “मग लोकांनी काय बघायचं, फॉरवर्ड?” म्हणून ठेवलं. आता थेट पानात लिहिणारी ती स्क्रिप्ट नाही. आकडा बदलला की पूर्ण बिल्ड होते, तिन्ही प्रती एका नव्या फोल्डरमध्ये तयार होतात आणि सर्व्हरला एका झटक्यात त्या फोल्डरकडे वळवलं जातं. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी अवस्थाच येत नाही. त्यानंतर एक तपासणी पान तीनदा मागवते, साधं, जीझिप आणि ब्रोटली, आणि तिन्हींतला आकडा जुळला नाही तर माझा फोन वाजतो. आकड्याच्या वर, आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, नोंदीची तारीख आणि वेळ आहे. ती सहा तासांपेक्षा जुनी झाली की पान स्वतःच आकडा झाकतं आणि ‘ही माहिती जुनी आहे’ एवढंच दाखवतं. ह्या सगळ्याने ते ११ चं १२ केबी झालंय.

परवा पावसाने जोर धरला तेव्हा मी दादाला फोन केला, पान बरोबर चाललंय का म्हणून. तो म्हणाला चाललंय, बघतो रोज. मग जरा थांबून म्हणाला, त्याने गोठ्याच्या वाटेवरच्या दगडाला ऑइलपेंटची रेघ मारलीय. पान बघतो आणि मग बॅटरी घेऊन ती रेघही बघून येतो.

“आत्ता किती हाय रेघेला?” मी विचारलं.

“वीतभर खाली हाय अजून,” तो म्हणाला. “तुझ्यात किती?”